गावच्या रस्त्याचा हिशेब विधानभवनात कसा पोचतो

सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ मांजरसुंबा, बीड, गढी, गेवराई असा बीड जिल्ह्यातून उभा जातो. चौपदरी रस्ता, मधे दुभाजक. त्यावरून एखाद्या गावाकडे वळलं की पहिलं काही अंतर डांबर ठीकठाक असतं. मग एका ठिकाणी ते एकदम संपतं. तिथे नदी नसते, गावाची शीव नसते, तालुक्याची हद्दही नसते. पुढे उखडलेली खडी आणि खड्डे. आणखी पुढे गेलं की कधी कधी दीड किलोमीटर कोरा करकरीत रस्ता लागतो आणि तोही असाच मधेच थांबतो. माती तीच, पाऊस तोच, वाहनंही तीच. मग रस्त्याची तब्येत अशी टप्प्याटप्प्याने का बदलते?

कारण बहुतेक वेळा कागदात सापडतं. त्या ठिकाणी रस्त्याचा मालक बदललेला असतो, किंवा मालक तोच राहून पैसे देणारा बदललेला असतो. आणि त्याबरोबर आणखी एक बदल होतो, जो गाडीत बसून दिसत नाही: त्या पैशाचा जाब विचारणारी माणसं बदलतात. माझ्या मते ग्रामीण रस्त्यांचं खरं दुखणं या तिसऱ्या बदलात आहे, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

रस्त्याचा मालक ओळखायचा कसा

१९४३ साली प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी देशातल्या रस्त्यांची प्रतवारी ठरवली. ती ‘नागपूर योजना’ म्हणून ओळखली जाते. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग हे वर्ग तिथून आले. महाराष्ट्रात आज राष्ट्रीय महामार्गाची जबाबदारी केंद्राची. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. गावठाणातले रस्ते ग्रामपंचायतीचे.

कार्यालयीन कागदांत यांची नावं ‘प्रजिमा’, ‘इजिमा’, ‘ग्रामा’ अशी आखूड होतात आणि प्रत्येकाला क्रमांक असतो. रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगडही बरंच सांगतो. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, काळा किंवा निळा असेल तर जिल्हा मार्ग, नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता. खड्ड्याची तक्रार लिहिण्याआधी या दगडाकडे बघितलं तर अर्ज चुकीच्या दारात जाऊन दोन महिने पडून राहत नाही.

या पाच वर्गांच्या बाहेरही रस्ते आहेत. शेताकडे जाणारे पाणंद, शीव, गाडीवाटा यांना बांधकाम खात्यात क्रमांक नसतो. त्यांच्या वादात तहसीलदार निर्णय देतो: वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली, बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली. बीडच्या कुठल्याही तहसील कचेरीत तारखेला आलेल्या शेतकऱ्यांना विचारा, त्यातले किती जण याच रस्त्यांसाठी आलेत ते कळेल.

मालकी कायमची नसते. ग्रामीण मार्गाचा दर्जा वाढवून तो प्रमुख जिल्हा मार्ग करता येतो. याला दर्जोन्नती म्हणतात. दर्जोन्नती झाली की रस्ता जिल्हा परिषदेच्या हातून सार्वजनिक बांधकाम विभागाकडे जातो. आमदार ही मागणी नेहमी करतात, कारण त्या विभागाकडे पैसा तुलनेने जास्त असतो. जिल्हा परिषदेचं ओझं कमी होतं, पण त्या रस्त्याबद्दल विचारायचा तिचा अधिकारही त्याबरोबर जातो.

एक रस्ता, अनेक खिसे

बीड जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे १०,६९३ चौरस किलोमीटर. अकरा तालुके, हजारावर ग्रामपंचायती. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५ लाख ८५ हजार, आणि पाचातले चार जण खेड्यात राहणारे. इतक्या पसरलेल्या जिल्ह्यातले छोटे रस्ते जिल्हा परिषदेने सांभाळायचे, तर तिच्याकडे स्वतःचं उत्पन्न हवं. जमीन महसुलावरचा उपकर, मुद्रांक शुल्कातला वाटा, इमारतींची भाडी असं मिळून जे येतं त्याला बोलीभाषेत ‘सेस’ म्हणतात. कोरडवाहू जिल्ह्यात जमिनीचा सारा मुळातच हलका, त्यामुळे त्यावरचा उपकरही हलका. रस्त्याला लागणारा बहुतेक पैसा वरूनच येतो.

तो वेगवेगळ्या लेखाशीर्षांतून येतो. ठेकेदार आणि सरपंच ते आकड्यांनीच ओळखतात. ‘तीस-चौपन्न’ म्हणजे ३०५४, रस्ते-पुलांची देखभाल दुरुस्ती. ‘पन्नास-चौपन्न’ म्हणजे ५०५४, नवं बांधकाम. ‘पंचवीस-पंधरा’ म्हणजे २५१५, ग्रामविकास विभागाकडून गावातल्या मूलभूत सुविधांसाठी, बहुधा लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या कामांना. जिल्हा वार्षिक योजनेचा पैसा पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती वाटते. आमदारांचा स्थानिक विकास निधी वेगळा. २५ डिसेंबर २००० ला सुरू झालेली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आणि २०१५ ची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना यांची यंत्रणा स्वतंत्र. रोजगार हमीतून होणारे मातीकाम आणि पाणंद रस्ते आणखी वेगळे.

सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर इथे मिळतं. मंजुरी सबंध रस्त्याला क्वचित मिळते. ‘किमी ०/०० ते १/५००’ अशी, हातातल्या रकमेत बसेल तेवढ्या तुकड्याला मिळते. रक्कम संपली की डांबर संपतं. पुढचा तुकडा दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या शीर्षातून, कधी दुसऱ्याच यंत्रणेकडून मंजूर होतो, आणि मधला एक किलोमीटर कुणाच्याच यादीत नसतो. गेवराई–माजलगावच्या गोदाकाठच्या काळ्या मातीत हे फार महागात पडतं. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा थर उचलून फोडते. त्यावर गळिताच्या हंगामात उसाने भरलेले दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर चालतात. हलक्या वाहतुकीसाठी आखलेला ग्रामीण रस्ता सलग आणि पुरेशा जाडीचा नसेल तर त्याला दोन पावसाळेही जड जातात.

सरकारी अनुदान म्हणजे काय हे बीडमध्ये समजावून सांगणं सोपं आहे, कारण इथल्या हजारो घरांना ‘उचल’ ठाऊक आहे. ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतं. हंगाम संपल्यावर तोडलेल्या टनांचा हिशेब होतो. काम उचलीइतकं भरलं नाही तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या हंगामात ओढली जाते. जिल्हा परिषदेला मिळालेला निधीही अशीच उचल आहे. काम दाखवायचं, उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं, उरलेली रक्कम परत करायची. मंजुरीच्या वर्षात खर्च झाला नाही तर जिल्हा परिषदेला साधारणपणे पुढच्या ३१ मार्चपर्यंत मुभा असते. त्यानंतर तो पैसा ‘अखर्चित’ ठरतो आणि शासनाकडे परत जातो. मजुराची बाकी मात्र त्याच हंगामाच्या शेवटी निघते. संस्थेची बाकी निघायला किती काळ लागतो, ते पुढे येईलच.

पहिला जाब घरातला

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. कायदा करणाऱ्यांनी हिशेबाचा पहिला पहारा आतच बसवला. सर्वसाधारण सभा, स्थायी समिती, अर्थ समिती, बांधकाम समिती. आपल्या गटातलं काम का रखडलं, बिल निघालं पण रस्ता कुठे आहे, हे सदस्य भर सभेत कार्यकारी अभियंत्याला विचारू शकतो आणि त्याचं उत्तर इतिवृत्तात नोंदवावं लागतं.

बीड जिल्हा परिषदेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली. इतर मागासवर्गीय आरक्षणाच्या न्यायालयीन वादात राज्यभरच्या निवडणुका अडकल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. हा प्रशासक म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारीच. खर्च मंजूर करणारा आणि त्या खर्चाबद्दल सभेत प्रश्न विचारणारा, ही दोन्ही पदं तीन वर्षांहून अधिक काळ एकाच खुर्चीत राहिली. अधिकारी प्रामाणिक असले तरी या रचनेत पहिला जाब गळून पडतो. नुकसान पैशाचंही झालं. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानात महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला ८० टक्के आणि पंचायत समिती व जिल्हा परिषदेला प्रत्येकी १० टक्के असा वाटा ठरला होता, आणि संस्था निवडून आलेली असावी अशी अट होती; प्रशासकाच्या काळात ती पूर्ण होत नसल्याने जिल्हा परिषदेचा वाटा अडकला.

अशा काळात बाहेरच्या दोन पहाऱ्यांवर सगळा भार येतो: लेखापरीक्षण आणि विधिमंडळ.

लेखापरीक्षक काय शोधतो

जिल्हा परिषदेचे हिशेब स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग तपासतो. त्याचा कायदा १९३० चा आहे. हा विभाग वित्त विभागाच्या हाताखाली येतो. म्हणजे पैसे खर्चणारी जिल्हा परिषद किंवा तिच्यावर देखरेख करणारा ग्रामविकास विभाग, दोघांपैकी कुणीही त्याचा वरिष्ठ नाही, आणि तीच त्याची ताकद. त्याखेरीज भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक स्थानिक संस्थांतली निवडक प्रकरणं तपासून अहवाल देतात आणि तो विधिमंडळात मांडला जातो.

रस्त्याच्या कामाची संचिका उघडली की लेखापरीक्षक एका साखळीने चालतो. प्रशासकीय मान्यता आहे का? तांत्रिक मान्यता त्यानंतर मिळाली का? निविदा निघाली, की निविदेची मर्यादा चुकवायला एका कामाचे तीन तुकडे पाडले? कार्यारंभ आदेशाची तारीख काय? मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे सगळे जिला ‘एमबी’ म्हणतात तिच्यात, शाखा अभियंत्याने लांबी, रुंदी, जाडी कधी नोंदवली आणि उपअभियंत्याने ती कधी तपासली? डांबर खरेदीच्या मूळ पावत्या जोडल्या आहेत का? मुरूम आणि खडीचं स्वामित्वधन बिलातून कापलं का? गुणनियंत्रणाच्या चाचण्या कुठे आहेत? उशिराबद्दल दंड लावला का?

उत्तर समाधानकारक नसेल तर लेखापरीक्षक ‘अर्धसमास’ देतो. हे उभं अर्धं मोकळं सोडलेलं पत्र असतं. डावीकडे प्रश्न, उजवीकडे कार्यालयाचं उत्तर. तरीही खुलासा पटला नाही तर तो अहवालात ‘परिच्छेद’ होऊन बसतो. काही परिच्छेदांसमोर ‘आक्षेपित’ रक्कम असते, म्हणजे कागद आणा मग बघू. काहींसमोर ‘वसूलपात्र’ लिहिलेलं असतं, म्हणजे पैसा परत घ्या.

इथे एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. लेखापरीक्षक प्रामुख्याने कागद तपासतो. एमबीत जाडी बरोबर लिहिली असेल आणि रस्त्यावर ती नसेल, तर टेबलावर बसून ते दिसत नाही. नीट लावलेली संचिका आणि उखडलेला रस्ता आनंदाने एकत्र नांदू शकतात.

पंचायती राज समिती येते तेव्हा

विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांतल्या सदस्यांची पंचायती राज समिती हे परिच्छेद हाती घेते. जिल्हा परिषदेबद्दलचा लेखापरीक्षा पुनर्विलोकन अहवाल, महालेखापरीक्षकांच्या अहवालातली जिल्हा परिषदांची प्रकरणं आणि वार्षिक प्रशासन अहवाल हे तिचं मुख्य साहित्य. समिती जिल्ह्याच्या दौऱ्यावर येणार हे कळलं की जिल्हा परिषदेत रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात. वर्षानुवर्षं न सापडलेल्या संचिका सापडू लागतात, आणि हा समितीचा पहिला उपयोग मी कमी लेखणार नाही.

दौरा साधारण तीन दिवसांचा. आधी स्थानिक आमदारांशी चर्चा, मग मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची आणि खातेप्रमुखांची ‘साक्ष’. परिच्छेद वाचला जातो आणि अधिकारी उत्तर देतो. मग सदस्य गट करून तालुक्यांत जातात. पंचायत समिती, शाळा, आरोग्य केंद्र, चालू असलेलं काम बघतात. खुलासा अपुरा वाटला तर ग्रामविकास विभागाच्या सचिवांची साक्ष मुंबईत विधानभवनात होते. समितीसमोर खोटी माहिती देणं हा विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचा भंग ठरू शकतो. त्यामुळे एरवी तीन स्मरणपत्रांना दाद न देणारं कार्यालय इथे उत्तर देतं.

शेवटी समिती अहवाल सभागृहात मांडते. त्यात शिफारशी असतात: वसुली करा, विभागीय चौकशी लावा, नियम बदला. शिफारस म्हणजे हुकूम नव्हे. शासनाला तिच्यावर काय केलं ते कळवावं लागतं, आणि मानली नसेल तर कारण द्यावं लागतं.

*चौकट*
कुठल्या पैशाचा जाब कोण विचारतं?
जिल्हा परिषदेने केलेलं काम: स्थानिक निधी लेखापरीक्षा, मग पंचायती राज समिती.
सार्वजनिक बांधकाम विभागाने केलेलं काम: महालेखापरीक्षक, मग लोकलेखा समिती.
रोजगार हमीचं काम: ग्रामसभेतलं सामाजिक अंकेक्षण आणि विधिमंडळाची रोजगार हमी योजना समिती.
सभागृहात मंत्र्याने दिलेला शब्द: आश्वासन समिती.
नागरिकाचं गाऱ्हाणं: आमदारामार्फत विनंती अर्ज समिती.

देखरेख पैशामागे जाते, रस्त्यामागे जात नाही

ही चौकट पुन्हा एकदा वाचा आणि केज किंवा पाटोदा तालुक्यातला सहा किलोमीटरचा एखादा ग्रामीण मार्ग डोळ्यांसमोर आणा. मालक जिल्हा परिषद. पहिला तुकडा तिनेच ३०५४ मधून केला. दुसरा आमदार निधीतून सार्वजनिक बांधकाम विभागाने केला. तिसऱ्याचं मातीकाम रोजगार हमीतून झालं. चौथा ग्रामसडक योजनेतून. या सहा किलोमीटरचा हिशेब किमान तीन वेगवेगळ्या समित्यांकडे विभागून जातो. प्रत्येकीपुढे आपल्या तुकड्याची संचिका असते. सबंध रस्ता एकाही टेबलावर येत नाही.

दुबार काम लपायला याहून चांगली जागा नाही. एकच तुकडा दोन शीर्षांतून दाखवला, तर दोन्ही संचिका आपापल्या जागी निर्दोष दिसतात. म्हणून दुसऱ्या यंत्रणेला जिल्हा परिषदेच्या रस्त्यावर काम करायचं असेल तर जिल्हा परिषदेचं ‘ना हरकत’ आणि काम दुबार नसल्याचा दाखला मागितला जातो. हा दाखला देताना जुन्या एमबी खरोखर उघडल्या गेल्या तर पहारा चोख आहे. नुसती सही झाली तर पुढचे सगळे पहारे फसतात. मला विचाराल तर प्रत्येक ग्रामीण मार्गाची किलोमीटरवार नोंदवही, कुठल्या वर्षी, कुठल्या शीर्षातून, कोणी, किती खर्च केला हे लिहिलेली, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली पाहिजे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातलं कलम ४ अशी माहिती आपणहून जाहीर करायलाच सांगतं.

देखभालीचीही अशीच फट आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याची पाच वर्षं निगा राखणं ठेकेदाराच्या करारातच असतं. सहाव्या वर्षी रस्ता जिल्हा परिषदेच्या अंगावर येतो, पण त्यासोबत पैसा येतोच असं नाही. त्या वर्षापासून तो झिजू लागतो. अशी झीज लेखापरीक्षणात परिच्छेद होत नाही, कारण जो खर्च झालाच नाही त्यावर आक्षेप कसला घेणार?

उशीर म्हणजे सुटका

वर्ष संपतं, हिशेब जुळतात, लेखापरीक्षण होतं, अहवाल छापला जातो, समिती तो हाती घेते. यात वर्षं जातात. समिती समोर बसते तेव्हा ज्याने एमबी लिहिली तो अभियंता दुसऱ्या जिल्ह्यात असतो, किंवा निवृत्त झालेला असतो. उत्तर देणारा अधिकारी ‘माझ्या काळातलं नाही’ म्हणतो आणि ते खरंही असतं.

निवृत्तीचा मुद्दा अनेकांना माहीत नसतो. १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतला नियम २७ सांगतो की कर्मचारी निवृत्त झाल्यावर नव्याने विभागीय चौकशी सुरू करायची, तर ज्या घटनेबद्दल ती करायची ती चार वर्षांपेक्षा जुनी असता कामा नये. पाच-सहा वर्षांनी वाचल्या गेलेल्या परिच्छेदाचं काय होतं ते यावरून ताडता येईल. दोष सिद्ध करण्याइतके कागद असूनही चौकशीची दारं बंद झालेली असतात. मजुराची बाकी पुढच्याच हंगामात वसूल होते आणि लाखोंची वसूलपात्र रक्कम मुदतीत विरते, ही तफावत मला सहन होत नाही.

तपासणारे आणि सुचवणारे

आणखी एक अडचण उघडपणे बोलली पाहिजे. आमदार हे समितीचे सदस्य असतात. तेच जिल्हा नियोजन समितीत बसतात, ‘पंचवीस-पंधरा’ची कामं सुचवतात आणि आपल्या स्थानिक विकास निधीतून रस्ते देतात. कामं सुचवणारा वर्ग आणि कामं तपासणारा वर्ग एकच झाला की, अमुक ठिकाणी रस्त्याची गरज खरंच होती का, हा प्रश्न मागे पडतो आणि निविदेत चूक कुठे झाली एवढंच उरतं. समितीची विश्वासार्हता त्यामुळे तिच्या पारदर्शकतेवर अवलंबून आहे. तिचा अहवाल, त्यातले परिच्छेद आणि शासनाचं उत्तर, तिन्ही मराठीत आणि वेळेवर लोकांपुढे यायला हवीत. जिल्ह्यातल्या वार्ताहरांनीही दौऱ्यातल्या पाहुणचाराच्या बातम्यांइतकीच जागा या तीन कागदांना द्यावी.

नागरिकाच्या हातातलं हत्यार मात्र आपण समजतो त्याहून धारदार आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात एमबीची प्रत मागता येते हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्याच कायद्याच्या कलम २ मध्ये चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क दिलेला आहे. खडीचा, डांबराच्या थराचा नमुना. लेखापरीक्षकाला टेबलावर जे दिसत नाही ते यातून पुढे येऊ शकतं. पंचायती राज समितीचा दौरा जाहीर झाल्यावर तिच्याकडे निवेदन द्यायचं असेल, तर ‘आमच्या गावचा रस्ता खराब आहे’ एवढ्याने काम होत नाही. रस्त्याचा वर्ग आणि क्रमांक, किलोमीटर कुठपासून कुठपर्यंत, लेखाशीर्ष, कार्यारंभ आदेशाचं वर्ष, एमबीतली जाडी आणि नमुन्यात भरलेली जाडी, एवढ्या गोष्टी एका पानावर लिहून सोबत प्रती जोडल्या, तर साक्षीच्या वेळी सदस्याला नेमका प्रश्न विचारता येतो आणि अधिकाऱ्याला नेमकं उत्तर द्यावं लागतं. असं निवेदन काम झाल्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत दिलेलं बरं, कारण नियम २७ मधली चार वर्षं घटना घडली त्या दिवसापासून मोजतात.